शेपटी कुळातून येते

डॉक्टर म्हशीलाही ‘अहो’ म्हणायचे. “अहो, जरा पाय मागे घ्या,” म्हणत ते तिच्या मांडीवर हात टेकवायचे आणि म्हैस खरंच पाय मागे घ्यायची. तिचा मालक, ज्यानं तिला जन्मात कधी सरळ हाक मारलेली नसे, तो ओशाळून उगीच टोपी सारखी करायचा.

त्यांच्या ‘अहो’तून कुणीच सुटत नसे. दवाखान्यातला पट्टीबंधक, बाजारातली मेथीवाली, शेंबूड पुसत शाळेत निघालेलं पोरगं, सगळे अहो. एकदा पिसाळलेलं कुत्रं अंगावर धावून आलं तेव्हा “अहो, हे काय करता!” असं ओरडत ते जनावरं अडकवायच्या खोड्यावर चढून बसले होते, हे मी स्वतः पाहिलंय. जवळा बाजारात आजही जुनी माणसं त्यांचं नाव निघालं की हे कुत्र्याचं सांगतात, हसतात आणि तिथेच थांबतात. पुढचं मला माहीत आहे. मी मुळात कमी बोलणारा माणूस, त्यात हे बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून राहिलं.

ते आमच्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात बदलून आले तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता. मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. घरी शेती, वडिलांचा गावात शब्द, एक काळी-पिवळी जीप जवळा बाजार ते वसमत चालायची. म्हणजे मला कमी काहीच नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो.

बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, डोळे दाखवायला डॉक्टर हैदराबादला गेले होते. तिथे फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ फाटलेलं. आत पानोपानी अचाट जनावरांची चित्रं आणि प्रत्येकाच्या शेजारी तक्ता: उंची, वजन, राहण्याची जागा, खाणं, एका वेताला पिल्लं किती. डॉक्टरांना वाटलं, परदेशी पशुवैद्यकाचं पुस्तक. गाडीत बसून वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की यातलं एकही जनावर जगात नाही. दुसऱ्या कुणी ते खिडकीतून फेकलं असतं. डॉक्टर म्हणाले, “जो माणूस नसलेल्या जनावराचा चारा लिहून ठेवतो, तो थट्टा करत नाही.”

तो एक खेळ होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक जण व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की नाही हे फाशावर. फासा वीस बाजूंचा हवा, तो हिंगोलीत काय, हैदराबादेतही मिळेना. मग विमा उतरवलेल्या जनावरांच्या कानाला मारायचे पत्र्याचे बिल्ले असतात ना, त्यातले वाया गेलेले घेऊन डॉक्टरांनी त्यांच्यावर खिळ्यानं आकडे कोरले आणि लस ठेवायच्या जुन्या थर्मासात टाकले. भिंत चढायचीय? थर्मासात हात घाला, बिल्ला काढा, त्यात आपल्या चपळाईचे गुण मिळवा. डॉक्टरांनी मनात धरलेल्या आकड्याच्या वर गेलात तर चढलात. नाहीतर पडलात, आणि कुठलं हाड मोडलं हे डॉक्टर अगदी मन लावून सांगायचे.

रविवारी दुपारी दवाखान्याच्या पडवीत आम्ही बसायचो. वहिनी म्हणायच्या, “सहा दिवस गाईगुरांचा दवाखाना, सातव्या दिवशी राक्षसांचा.” खेळणारे तिघं. मी. सायकलीचं दुकान असलेला मुनीर. आणि बबन. बबन आमच्या घरचीच जीप चालवायचा. ओढ्यापलीकडच्या वस्तीत त्याचं घर. तो कोणत्या जातीचा हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं, आणि मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी “या, बबनराव” म्हटलं, तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं होतं. मागे कुणीच नव्हतं.

आता या खेळाची मेख सांगतो. पुस्तकात बुटके, लांब कानांचे, अर्धे राक्षस असले लोक होते. डॉक्टरांनी त्यांचे आपल्याकडचे यक्ष, राक्षस, वानर, नाग केले, आणि उरला तो साधा माणूस. यांना ते ‘कूळ’ म्हणायचे. पुस्तकाचा नियम असा होता की ज्या कुळात जन्मलात त्यावर तुमचे गुण ठरणार. राक्षसाला बळ दोन जास्त, बुद्धी दोन कमी. यक्षाला बुद्धी दोन जास्त. एकदा ठरलं की ठरलं. खेळ संपेपर्यंत प्रत्येक बिल्ल्याला ते दोन चिकटलेलेच.

इथे डॉक्टर अडले. किती रविवार खेळ पुढे सरकेना. गाईम्हशींत जन्म घालवणाऱ्या माणसाला हे पटू नये याचं मला नवल वाटायचं.

“डॉक्टर, दिवसभर तुम्हीच सांगता, देवणी अशी, लाल कंधारी तशी. गोठ्यात चालतं, मग खेळात काय बिघडलं?”

“सर, देवणी गाय तुम्ही ओळखता कशावरून?”

“अंगावरच्या ठिपक्यांवरून. कानांवरून.”

“बराबर. आता तिला वर्षभर वाळल्या कडब्यावर ठेवा, आणि शेजारच्या गावठी गाईला सरकी, ढेप, हिरवा चारा घाला. मग दूध मोजायला मला बोलवा.” मग जरा थांबून म्हणाले, “थोडं दूध कुळातूनही येतं, खोटं कशाला बोलू. पण ते मी मोजलंय. अक्कल कुणी मोजलीय? ठिपके कुळातून येतात. कान येतात. शेपटी कुळातून येते, सर. अक्कल येत नाही.”

आणि त्यांनी पुस्तकाचा नियम मोडून स्वतःचा केला. कुळातून फक्त अंगाच्या गोष्टी मिळणार. वानराला शेपटी, म्हणजे लोंबकळताना दोन्ही हात मोकळे. नागाला पाण्याखाली दम. यक्षाला अंधारात दिसणार. राक्षसाला काहीही खाऊन पचणार. बळ, बुद्धी, चपळाई हे सगळं मात्र ‘चाऱ्या’तून. चारा म्हणजे तुम्ही कुठे वाढलात, काय खाल्लंत, कुणी शिकवलं. ते ज्यानं त्यानं सुरुवातीला सांगायचं आणि डॉक्टर, आजारी बैलाच्या मालकाला विचारावं तसं, खोदून खोदून विचारायचे. “लहानपणी भूक कशी होती? जंत झाले होते? थंडीत झोपायचात कुठे?” आम्ही हसायचो. ते हसत नसत.

मुनीरनं लगेच अडचण काढली. “फिर इन्सान कौन बनेगा, डॉक्टरसाब? ना दुम, ना दांत.”

डॉक्टर पुढच्या रविवारी उत्तर घेऊन आले. “माणसाला एकदा बिल्ला परत टाकून दुसरा काढता येईल.”

“काहून बरं?” बबननं विचारलं.

“शेपटी नाही ना. निदान हट्ट तरी असू द्या.”

मी यक्षांचा राजपुत्र झालो होतो. राजाच्या पोटचा म्हणून काहीतरी वरचढ मिळावं असा माझा आग्रह. “मिळेल की,” डॉक्टर म्हणाले. “राजवाड्यातलं जेवण मिळेल. म्हणून तुमच्या माणसाला उपास सोसणार नाही. एक वेळ जेवण चुकलं की एक गुण वजा.” मुनीर तर टेबलावर डोकं ठेवून हसला. (राक्षस असो की नाग, खेळातल्या प्रत्येकाला डॉक्टर ‘तुमचा माणूस’ म्हणायचे, हे राहिलंच सांगायचं.)

बबन राक्षस झाला. घटोबा नावाचा. डॉक्टरांनी चारा विचारला तसं तो लाजत लाजत म्हणाला, “बाजारात वाढलो म्हना. वझी उचलली. आन् गिऱ्हाईक पाहून पाहून मान्सं वळखाया शिकलो.” डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं आणि बळाबरोबर बुद्धीलाही दोन गुण दिले. माझ्या यक्षापेक्षा जास्त.

“राक्षस यक्षाहून हुशार?” मी म्हणालो.

“खेळ हाये सर,” बबन म्हणाला. “खेळात तरी व्हऊ द्या की.”

तो खरंच हुशार खेळायचा. एकदा आम्ही एका किल्ल्याच्या दाराशी अडलो होतो. दारात भालेवाला उभा. मी तलवार काढली, बिल्ला निघाला तिनाचा, जखमी झालो. मुनीरचा नाग खंदकात बुडी मारून बसला. बबनची पाळी आली. तो म्हणाला, “मी त्या दारवानाले इचारतो, सकाळपून उन्हात उभा हाईस, पानी पेला का म्हनून कोनी इचारलं का?” डॉक्टरांनी थर्मास पुढे केलाच नाही. हातातलं पुस्तक बंद केलं, बबनकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “दार उघडलं.”

दिवसभर जीपच्या दारातून माणसं आत घेणाऱ्याला सुचेल असंच ते होतं. मला सुचलं नसतं. मुनीर म्हणाला, “बस, आजसे लीडर बबनभाई.” आणि झालाच.

सोमवारी मी जीपमध्ये पुढे बसलो होतो. माझी नेहमीची जागा. मागे वसमतची माणसं दाटीवाटीनं. बबन खुशीत होता. गियर टाकता टाकता मागे वळून म्हणाला, “आमचे सर हायेत ना, रविवारी आमच्या हाताखाली असत्यात.” जीपभर हशा झाला. त्याच्या मनात काही नव्हतं. मीही हसलो. पण वसमत येईपर्यंत माझे कान गरम होते.

दिवाळीनंतर डॉक्टर नवी गोष्ट सुरू करणार होते. गुण सारखे पुसायला लागतात म्हणून मी शाळेतून पाट्या आणल्या. प्रत्येकाला विचारून पाटी भरायचं काम माझ्याकडे. त्या रविवारी सकाळी मी दवाखान्यात गेलो तर एक गाय अडलेली. वासरू आडवं आलेलं. डॉक्टर शर्ट काढून जमिनीवर पालथे, हात खांद्यापर्यंत आत, गाल गाईच्या अंगाला टेकलेला. “अहो, कळ काढा, होतंय, होतंय,” असं तिला सांगत होते.

मी वाकून विचारलं, “डॉक्टर, पाटीवर तो पुस्तकातला शब्द आहे ना, जन्माचा, त्याला मराठीत काय लिहू?”

“काय?”

“जन्मावरून ठरतं ते. जात लिहू?”

“लिहा हो, जात लिहा, काय लिहायचं ते लिहा. बादली सरकवा इकडे!”

मी बादली सरकवली. वासरू जगलं.

तो शब्द मला माहीत नव्हता असं नाही. दोन वर्षं त्या टेबलावर आम्ही ‘कूळ’ म्हणत होतो. मी तो मुद्दाम तेव्हा विचारला. त्यांचा हात आत असताना, त्यांचं लक्ष नसताना, त्यांच्याच तोंडून तो शब्द मला हवा होता.

दुपारी बसलो. खोड्यापाशी दोन शेतकरी बैल घेऊन थांबलेले, पट्टीबंधक त्यांच्याशी बोलत उभा. मी मुनीरची पाटी घेतली. “नाव?” “नागोजी.” “जात?” “नाग, और क्या,” मुनीर म्हणाला. त्याला काही जाणवलंही नाही. मग बबनची पाटी घेतली.

“नाव?”

“घटोबा.”

मी मान वर केली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “जात?”

खोड्यापाशी कुणीतरी फिसकन हसलं. बबननं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमाले माहीत न्हाई का, सर?”

“अरे, खेळातली!” मी म्हणालो. “राक्षस लिहू ना?”

तो उठला. चपला पायात सरकवल्या. “डॉक्टर, गाडी भरायची हाये,” म्हणाला आणि गेला. रविवारी दुपारी कुठलीच गाडी भरत नसते. दुसऱ्या दिवशी जीपची किल्ली मुनीरच्या हाती आमच्या घरी आली.

डॉक्टरांचा चेहरा मला अजून दिसतो. कपाळावर सकाळचं वाळलेलं रक्त तसंच होतं. “सर,” ते म्हणाले, “तो शब्द मीच सांगितला तुम्हाला. गाईच्या नादात. माझंच चुकलं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तेवढाच क्षण होता. मी काय म्हणालो? म्हणालो, “जाऊ द्या डॉक्टर, तुमच्या ध्यानात आलं नसेल.” मी त्यांना माफ केलं.

ते त्याच संध्याकाळी ओढा ओलांडून बबनकडे गेले, शब्द माझा होता, चूक माझी होती, असं सांगून आले. “बबनराव म्हणतात, तुमच्यावर राग नाही,” त्यांनी मला सांगितलं. “पण यायला तयार नाहीत. म्हणजे राग आहे.”

पुढच्या रविवारी मला वाटलं खेळ मोडला. तर पडवीत टेबल मांडलेलं, पाट्या, थर्मास, सगळं जागच्या जागी. आम्ही बसलो. डॉक्टर म्हणाले, “बबनरावांची पाळी आहे.” आणि वर्तमानपत्र वाचत बसले. चहा झाला. ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं. मग त्यांनी थर्मासाचं झाकण लावलं आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मुनीर म्हणाला, “डॉक्टरसाब, उसका बंदा मर गया बोलके आगे बढ़ो ना.” डॉक्टर म्हणाले, “दुसऱ्याच्या माणसाला मी कसा मारू? पाळी त्यांची आहे.” बबन तेव्हा दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर चालवत होता. दवाखान्यावरून जायचा, मान सरळ ठेवून. ट्रॅक्टरचा आवाज आला की डॉक्टर वर्तमानपत्र खाली करायचे. आवाज लांब गेला की परत वर. मी समोर बसलेला असायचो. मुनीर पुढे येईनासा झाला, मी मात्र जात राहिलो. का जायचो हे मला सांगता येणार नाही. न जाणं म्हणजे कबूल करणं झालं असतं, बहुतेक म्हणून.

‘जात’ हा शब्द डॉक्टरांनी तोंडातून काढून टाकला. जनावरांसाठीसुद्धा. सरकारी कागदावर गाईची जात लिहायच्या जागी ते ‘कूळ: देवणी’ असं लिहायला लागले. शेतकरी चेष्टा करायचे. “डॉक्टर, म्हशीचं कूळ मुऱ्हा, कुलदैवत काय लिवता?” डॉक्टर शांतपणे म्हणायचे, “ते त्यांनाच विचारा.” वरून खुलासा मागवला गेला. त्यांनी उत्तर पाठवलं: जनावरास कूळ असते, जात लिहिण्यास शाळेचा दाखला लागतो, तो सदर म्हशीजवळ नाही. यावरून त्यांना म्हणे चांगलंच झापलं गेलं. ते लिहीत राहिले कूळच.

उन्हाळ्यात त्यांची बदली आखाडा बाळापूरला झाली. सामान टेम्पोत भरलेलं होतं, तरी शेवटच्या रविवारी त्यांनी टेबल तेवढं मागे ठेवलं, मांडलं, बसले. दिवस कलला तेव्हा टेबलही चढवलं.

मग वर्षं गेली. जिल्हा हिंगोली झाला. मी मुख्याध्यापक झालो. शिक्षकांच्या कसल्याशा बैठकीसाठी बाळापूरला गेलो होतो, ती लवकर संपली, आणि पाय आपोआप दवाखान्याकडे वळले. डॉक्टर पिकले होते. आवाज तोच. “या, सर, या! अहो, खुर्ची द्या सरांना.” तेच टेबल, तोच थर्मास, आणि भोवती कॉलेजातली तीन पोरं, एक मुलगीही. नवा डाव सुरू होत होता. डॉक्टर त्यांना नियम समजावत होते, कूळ काय, चारा काय. मग पुस्तक मिटून म्हणाले, “आणि एक शब्द या टेबलावर वापरायचा नाही. मी एकदा वापरला. गाफीलपणे, पण वापरला. त्यानं आमचा सर्वांत चांगला खेळणारा उठून गेला, तो परत आला नाही. माझ्यामुळे. विचारा सरांना, सर तेव्हा होते तिथे.”

पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

किती जणांना हे त्यांनी सांगितलं असेल? दर नव्या माणसाला. आणि मी त्यांचा साक्षीदार.

“खोटं आहे ते,” मी म्हणालो. आणि सांगितलं. जीपमधलं, गाईजवळचं, मान वर करून पाहिल्याचं. पोरांसमोरच सांगितलं. थांबलो असतो तर परत राहिलं असतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

“म्हणजे माझा हात आत आहे हे बघून विचारलंत?”

“हो.”

“आणि नंतर मला म्हणालात, जाऊ द्या.”

“हो.”

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “बबनरावांना सांगितलं हे?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगताय, सर? माझी जात कुठे कुणी विचारली?”

त्यांनी थर्मास पिशवीत टाकला आणि पोरांकडे वळले. “अहो, माफ करा, आज खेळ नाही. सरांना कुरुंद्याला जायचंय. मी सोबत जातो. वाटेत कुठे उतरले तर पंचाईत नको.”

बबन कुरुंद्याला सासुरवाडीत स्थायिक झाल्याचं त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. हळद शिजवायचे दिवस होते. गावात शिरताच तो ओला, मातकट वास नाकात बसला. वाटेभर एसटीत डॉक्टर माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते, पण मला खिडकीजवळची जागा दिली होती आणि स्वतः दाराच्या बाजूनं बसले होते.

बबन अंगणात स्वतःच्या जीपखाली पालथा होता. बाहेर आला, हात पुसले, डॉक्टरांना पाहून मोठ्यानं हसला. मग मी दिसलो.

मी उभ्या उभ्याच बोललो. “बबनराव,” असं पहिल्यांदाच म्हटलं, ते नीट निघालं नाही तोंडातून. त्या दिवशीचा शब्द डॉक्टरांचा नव्हता, माझा होता, मुद्दाम होता, एवढं सांगितलं. का, तेही सांगितलं.

“मले तवाच समजलं व्हतं,” बबन म्हणाला. “मुनीरले इचारताना तुमी मान वर केली नव्हती, सर. मले इचारताना केली.” मग डॉक्टरांकडे वळला. “आन् तुमी? म्या सांगितलं व्हतं ना, तुमच्यावर राग न्हाई म्हनून. तुमाले खोटं काहून वाटलं?”

“मला वाटलं, तुम्ही सभ्यपणानं म्हणताय.”

“येवढा सभ्य न्हाई मी.”

“मग सरांचं मला सांगितलं का नाहीत?”

“एक त उठून गेलाच व्हता तुमचा. दुसरा बी घालवला असता त खेळले कोनासंग असते?”

“खेळलोच नाही,” डॉक्टर म्हणाले.

“काहून?”

“तुमची पाळी होती.”

बबनच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “तवापासून?”

“बदली होईपर्यंत. बाळापूरला नव्या मुलांबरोबर वेगळी गोष्ट लावली. ती आपली अजून तिथेच आहे.”

बबननं डॉक्टरांच्या हातातली पिशवी घेतली, दार उघडलं आणि म्हणाला, “या आत.” डॉक्टर गेले. मला त्यानं या म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. डॉक्टरांनीही मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यांचं ते बरोबर होतं. मी बाहेर ओट्यावर बसलो.

दार उघडंच होतं. आत डॉक्टरांचा आवाज लागला, तोच जुना, गोष्ट सांगतानाचा, थोडा खालचा. नदी किती खोल आहे ते सांगत होते, पलीकडच्या काठावर कुणीतरी शेकोटी पेटवलीय ते सांगत होते. बबन मधेच काहीतरी विचारत होता. एकदा दोघं मिळून हसले. माझा राजपुत्र त्या काठावर होता की नव्हता, कळलं नाही.

बबनची बायको चहा घेऊन आली. दोन कप आत देऊन एक माझ्यासाठी बाहेर आणला. मला ती ओळखत नव्हती.

“घ्या. तुमी काहून भाईर बसले? आत जा की, ते खेळून राहिले दोघं.”

“मी त्यांना एकदा चारचौघांत त्यांची जात विचारली होती,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

“ते सर तुमीच व्हय.”

पुढे केलेला हात तिनं मागे घेतला. कपबशी ओट्यावर, माझ्यापासून हातभर लांब ठेवली आणि आत निघून गेली. मी सरकलो आणि उचलून घेतली.